एम्प्रेस मिल आणि माणसांची जोपासना

नागपुरातील आपल्या कोष्टी समाजाच्या जुन्या कुटुंबांत एम्प्रेस मिलचा विषय निघाला नाही, असे घर विरळा. या मिलचा इतिहास केवळ ऐकीव आठवणींवर न सोडता, कामगारांची निगा राखल्याने कारखान्याची खरोखर भरभराट होते काय, या प्रश्नाचा त्याच्या आधारे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापिली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, मिल सुरू झाली; म्हणून तिचे नाव एम्प्रेस. कापूस जवळ पिकत होता. परंतु कापूस जवळ असला म्हणून कापड आपोआप विणले जात नाही. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून विणकरांनी संप केला. हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते.

दुसरी अडचण गैरहजेरीची होती. रोज पाचांतील एखादा कामगार कामावर येत नसे. यास निव्वळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या वाडवडिलांनी घरच्या मागावर, स्वतःच्या सवडीने काम केले, त्याला भोंग्याची शिस्त एका दिवसात कशी अंगवळणी पडावी?

जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी यावर केवळ दंडाचा उपाय केला नाही. बेझनजी रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. गिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. तरी माणूस पारखून जमशेटजींनी कारभार त्यांच्या हाती दिला. कामगारांसाठी बक्षिसे ठेवण्यात आली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. भरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला, म्हणजे मिल त्याच्या २८ वर्षे पुढे होती. खेळत्या हवेची व हवेत ओलावा राखण्याची सोय झाली. तिने कामगाराचा जीव सुखावला आणि सूतही कमी तुटू लागले. मालकाचे हित व मजुराचे हित एकाच ठिकाणी कसे भेटते, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मिलच्या यशाचे सारे श्रेय या सोयींनाच देणे मात्र योग्य नव्हे. सुरुवातीची हलकी यंत्रे बदलून जमशेटजींनी रिंग पद्धतीच्या नव्या चात्या आणल्या, हेही तितकेच महत्त्वाचे. पण नवे यंत्र सरावलेला हात मागते, आणि सरावलेला हात टिकतो तो उद्याचा भरवसा असेल तरच.

१९८६ साली मिल टाटांच्या हातून गेली व २००२ साली बंद पडली. पूर्वजांचे पुण्य कारखान्यास कायमचे तारीत नाही. ते प्रत्येक पिढीने नव्याने जोडावे लागते. १८७७ चा संपही विसरता येत नाही: सोयी कितीही दिल्या, तरी वाजवी मजुरीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

आज आपले अनेक बांधव यंत्रमाग, दुकाने व लहान कारखाने चालवितात. काल जे मस्टरवर सही करीत, त्यांची मुले आज मस्टर ठेवतात. आपल्या हाताखालच्या माणसास वेळेवर वेतन, दुखापतीत आधार व म्हातारपणी भाकरी मिळावी, एवढे जरी त्यांनी पाहिले, तरी वाडवडिलांच्या घामाचे ऋण काही अंशी फिटेल.