नव्या धर्मपंथांचा अभ्यास आणि आयलीन बार्कर

आजीवक संप्रदायाचे स्वतःचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. मक्खलि गोसालाचे मत आपणास प्रामुख्याने बौद्ध व जैन ग्रंथांतून, म्हणजेच प्रतिपक्षाच्या तोंडून, ऐकावे लागते. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. परंतु एखाद्या पंथाचे अनुयायी डोळ्यांसमोर वावरत असतानाही त्याचा निवाडा केवळ विरोधकांच्या साक्षीवरून होत असेल, तर अभ्यासकाने कोणती पद्धती स्वीकारावी? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांच्या कार्याचा परामर्श आम्ही याच प्रश्नाच्या अनुषंगाने घेत आहोत.

बार्कर यांचा जन्म १९३८ साली एडिंबरो येथे झाला. आरंभी त्या रंगभूमीवर अभिनेत्री होत्या. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्राचे अध्ययन करून त्यांनी तेथेच अध्यापन केले. १९७० च्या दशकात त्यांनी युनिफिकेशन चर्च हा पंथ अभ्यासासाठी निवडला. सन म्युंग मून यांनी १९५४ साली सेऊल येथे स्थापन केलेल्या या पंथात पाश्चात्त्य तरुण घरदार व शिक्षण सोडून जात होते. आपल्या मुलांचे 'ब्रेनवॉशिंग' झाले आहे, अशी अनेक पालकांची दृढ समजूत होती. काहींनी तर सज्ञान मुलांना बळाने पळवून आणून, कोंडून ठेवून त्यांचे मन पालटविण्याचे प्रयत्न केले. नोव्हेंबर १९७८ मध्ये गयानातील जोन्सटाउन येथे दुसऱ्या एका पंथाच्या वसाहतीत ९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि एकंदर नव्या पंथांविषयीची भीती अधिकच वाढली.

अशा वातावरणात बार्कर यांनी पंथीयांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांच्या केंद्रांत राहून निरीक्षण केले, प्रश्नावल्या भरून घेतल्या. पंथ सोडून गेलेल्यांचेही म्हणणे त्यांनी ऐकले. त्यांच्या पद्धतीचा खरा विशेष मात्र निराळा आहे. पंथाच्या निवासी शिबिरास गेले, परंतु पंथात आलेच नाहीत, अशांचीही त्यांनी गणना केली. १९७९ साली लंडन परिसरातील शिबिरांना सुमारे १००० जण गेले. त्यांपैकी ९० टक्के सभासद झाले नाहीत. जे झाले, त्यांतील बहुसंख्य दोन वर्षांच्या आत स्वेच्छेने बाहेर पडले. शिबिरात माणसाची निवडशक्तीच नष्ट होत असती, तर असे घडले नसते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मेकिंग ऑफ अ मूनी' या ग्रंथाचा हा गाभा होय. अर्थात, पंथाची शिकवण योग्य आहे किंवा त्याच्या प्रचारात दडपण नव्हते, असा याचा अर्थ नव्हे.

पंथाने भरविलेल्या परिषदांना त्या पंथाच्या खर्चाने उपस्थित राहिल्या, हा त्यांच्यावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. अभ्यासविषयाकडून आतिथ्य स्वीकारणाऱ्या संशोधकाविषयी शंका घेतली जाणारच. तथापि, आमच्या मते, अशा शंकेचे निराकरण आकड्यांची फेरतपासणी करूनच व्हावयास हवे. संशोधकाच्या हेतूविषयी तर्क लढवून ते होत नाही.

१९८८ साली बार्कर यांनी ब्रिटिश गृहखाते व प्रमुख चर्च यांच्या साहाय्याने 'इन्फॉर्म' ही संस्था स्थापन केली. मुलगा वा मुलगी एखाद्या पंथात गेल्याने व्याकूळ झालेल्या कुटुंबांना त्या विशिष्ट पंथाची पारखलेली माहिती देणे, हे तिचे प्रमुख काम. २०१८ साली ही संस्था लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये गेली. जोन्सटाउनवरून सर्व नव्या पंथांची परीक्षा करू नये. त्याचबरोबर ९० टक्क्यांच्या आकड्याने एखाद्या मातेची चिंता निराधार ठरवू नये, ही दोन्ही पथ्ये तेथे पाळावी लागतात. प्राचीन संप्रदायांचा अभ्यास करणाऱ्या आम्हांसही ती उपयुक्त वाटतात.