रक्तदान : लोक पुढे का येतात, मागे का राहतात?

१४ एप्रिलला भीमजयंती आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. या दोन्ही दिवशी अनेक विहारांत, वस्त्यांत रक्तदान शिबिरे होतात. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून तरुण रक्त देतात. पण हाच उत्साह वर्षभर का टिकत नाही?

वस्त्यांत काम करताना आम्हाला दिसते की, पोस्टर पाहून येणारे थोडेच. ओळखीच्या माणसाने बोलावले की लोक येतात. घरातल्या कुणासाठी रक्ताची धावपळ केलेला माणूस तर न सांगता येतो. श्रद्धेचेही बळ असते. बौद्ध परंपरेत वस्तूंचे दान ही दान पारमिता, तर शरीराच्या अंशाचे दान ही दान उपपारमिता मानली आहे.

मागे खेचणारी पहिली गोष्ट म्हणजे अशक्तपणाची भीती. शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. घेतात ३५० किंवा ४५० मिली. त्यातील द्रव एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी १२० दिवसांचे अंतर ठेवले आहे.

दुसरी, अविश्वास. "आमच्याकडून फुकट घेतात आणि विकतात," असे लोक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. रुग्णाकडून घेतले जाते ते तपासणी व साठवणुकीचे शुल्क. शिबिरातच हे सांगितले, तर शंका उरत नाही.

तिसरी, परत पाठवले जाणे. हिमोग्लोबिन १२.५ हवे. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशा भगिनीला नुसते "चालत नाही" म्हटले की ती पुन्हा येत नाही. तिला उपचाराचा रस्ता दाखवायला हवा.

भेटवस्तूंचे आमिष मात्र नको. त्यापायी कुणी आजार लपवू शकतो.

लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस, प्लेटलेट्स सुमारे ५ दिवस टिकतात. म्हणजे जयंतीचे रक्त मे अखेरपर्यंतच पुरते, आणि तेव्हाच महाविद्यालये बंद असल्याने शिबिरे कमी होतात. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय आहेत; त्यांची गरज तारीख पाहून येत नाही. प्रत्येक विहाराने दात्यांची यादी करून दर तीन महिन्यांनी थोड्या-थोड्या जणांना बोलवावे. अभिवादन वर्षभर चालू राहील.