ह्यूबर्ट गोल्टझिअस: नाण्यांचा इतिहासकार

राजे जातात, त्यांचे वाडे ढासळतात, दरबारी कवींची स्तुतीही विरून जाते. परंतु राजाच्या टांकसाळींतून निघालेलें बोटभर नाणें मातींत हजार-दीड हजार वर्षें पडून राहिलें तरी आपली साक्ष विसरत नाहीं. ही साक्ष ग्रंथांच्या साक्षीइतकीच मोलाची असते, हें आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. सोळाव्या शतकांत मात्र तसें नव्हतें. ज्या थोड्या पुरुषांनीं नाण्याला इतिहासाच्या न्यायासनापुढें साक्षीदार म्हणून उभें केलें, त्यांत ह्यूबर्ट गोल्टझिअस ह्याचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागेल.

गोल्टझिअसचा जन्म १५२६ सालीं मास नदीच्या कांठीं वसलेल्या व्हेन्लो ह्या डच गांवीं झाला. बाप चित्रकार असल्यामुळें कुंचल्याचा वारसा त्याला घरींच मिळाला. पुढें लीएज येथें लॅम्बर्ट लॉम्बार्ड ह्या कलावंताच्या हाताखालीं तो शिकला. लॉम्बार्ड रोमला जाऊन आलेला होता. गुरूनें काढलेलीं प्राचीन अवशेषांचीं चित्रें उतरवीत असतांना शिष्याला रोमचें जें वेड लागलें, तें जन्मभर सुटलें नाहीं.

१५५७ सालीं अँटवर्प येथें त्यानें रोमन सम्राटांच्या प्रतिमांचा थोरला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यूलिअस सीझरपासून तत्कालीन हॅब्सबुर्ग सम्राटांपर्यंतचे चेहरे त्यांत नाण्यांवरून घेतलेले आहेत. ताम्रपटावर कोरलेल्या रेषा आणि लांकडी ठशांनीं दिलेल्या रंगछटा ह्यांचा मेळ घातल्यामुळें पानावर जणुं खरेंच पदक ठेविलें आहे असा भास होतो. लॅटिन, जर्मन, इटालिअन, फ्रेंच व स्पॅनिश अशा पांच भाषांतून हा ग्रंथ निघाला.

परंतु ह्या ग्रंथाचें खरें भूषण त्यांतील चित्रें नव्हेत. चित्रें नसलेल्या जागा हें आहे! ज्या सम्राटाची विश्वसनीय प्रतिमा मिळाली नाहीं, त्याच्या नांवाखालचें वर्तुळ गोल्टझिअसनें कोरेंच ठेविलें. ह्याचें महत्त्व कळण्यास त्या काळची रीत ध्यानीं घेतली पाहिजे. अवघीं चार वर्षें आधीं, १५५३ सालीं, लिआँ येथील रुईए नामक प्रकाशकानें काढलेल्या अशाच एका संग्रहांत थेट आदम व ईव्ह ह्यांच्या मुखमुद्रा छापिल्या होत्या! वाचकाला चेहरा हवा असे, व कल्पना तो पुरवीत असे. अशा बाजारांत कोरें वर्तुळ छापणें हें धैर्याचें काम होतें. “पुरावा नाहीं, म्हणून चित्र नाहीं” हा इतिहासाचा पहिला धडा त्या रिकाम्या वर्तुळांत आहे.

पुढें ब्रूज येथील मार्क लॉरिन ह्या धनिक सरदाराचा आश्रय त्यास लाभला. लॉरिन स्वतः नाण्यांचा हौशी संग्राहक. त्याच्या खर्चानें गोल्टझिअस १५५८ सालीं प्रवासास निघाला आणि दोन वर्षें जर्मनी, इटली व फ्रान्स ह्या देशांतून हिंडला. नाणीं मिळवावीं, न मिळाल्यास त्यांचीं चित्रें काढून घ्यावीं, असा त्याचा क्रम होता. जवळजवळ हजार संग्राहकांची नामावळी त्यानें पुढें छापली. ती वाचली म्हणजे नाण्यांची आवड त्या काळीं युरोपांत किती खोल गेली होती हें कळून येतें. परत आल्यावर ब्रूज येथें त्यानें स्वतःचा छापखाना घातला. तेथून १५६३ सालीं ज्यूलिअस सीझरवरील, १५६६ सालीं रोमच्या अधिकाऱ्यांच्या व विजयोत्सवांच्या कालानुक्रमावरील, १५७४ सालीं ऑगस्टसवरील आणि १५७६ सालीं सिसिली व दक्षिण इटलींतील ग्रीक वसाहतींवरील असे ग्रंथ बाहेर पडले. १५६७ सालीं रोम नगरानें त्याला आपलें नागरिकत्व देऊन गौरविलें. १५८३ सालीं ब्रूज येथेंच त्याचा अंत झाला.

कीर्तीला पुढें मात्र ग्रहण लागलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या एकहेल ह्या महापंडितानें प्राचीन नाण्यांचें शास्त्र नव्यानें रचलें, तेव्हां गोल्टझिअसनें छापलेलीं कित्येक नाणीं कोणत्याही संग्रहांत सांपडेनात. त्याच्या ग्रंथांवर विसंबूं नये असा इशारा अभ्यासकांस मिळाला. कोरें वर्तुळ ठेवणाऱ्या पुरुषावरच बनावट नाणीं छापल्याचा आरोप यावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

तथापि न्याय करतांना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. त्या काळीं पडुआचा कॅव्हिनो ह्याच्यासारखे कुशल कारागीर रोमन नाण्यांच्या अशा हुबेहूब नकला करीत कीं, भले जाणते फसावेत. शिवाय झिजलेलीं अक्षरें चित्रकाराच्या हातून पुरीं केलीं जाणें हेंही सहज घडे. चुका झाल्या, हें खरेंच. पण हजारों नाणीं चित्रित करून विद्वानांपुढें मांडलीं गेलीं, म्हणूनच त्यांतील खरेंखोटें पारखणें पुढील पिढ्यांस शक्य झालें. एकहेलची कसोटी अधिक कठोर होती. पण कसोटीवर घासावयास सोनें व पितळ दोन्हीही आधीं कोणीतरी गोळा करावें लागतें. तें कष्टाचें काम गोल्टझिअसनें केलें. त्याच्या भरलेल्या वर्तुळांपैकीं कांहीं खोटीं ठरलीं. कोरीं ठेवलेलीं मात्र आजही खरीं आहेत.