पाय झोपू देत नाहीत

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधलं आमचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं की मुंबई-हावडा मार्गावरची मेल धडधडत गेली की फडताळातली भांडी वाजायची. त्यानं पाहुण्यांची झोप मोडे, आमची नाही. माझी झोप मोडायची ती आबाजींच्या चपलांच्या आवाजानं. रात्री बारा-एकच्या सुमारास ते उठत आणि अंगणात फेऱ्या मारत. तुळशीपासून नळापर्यंत, नळापासून तुळशीपर्यंत.

"काहून फिरता हो रातभर? झोपा ना बाप्पा," आजी आतून म्हणायची.

"पाय झोपू देत नाई," एवढंच त्यांचं उत्तर.

दुखतात का, तर नाही. मुंग्या येतात का, तर तशाही नाहीत. आत काहीतरी वळवळतं, आणि चाललं की थांबतं. जुन्या वस्तीतल्या कुणी वात म्हटलं, कुणी डोक्याला लागलंय म्हटलं. आबाजी चालत राहिले.

त्यांना ब्लडप्रेशर होतं. त्याची गोळी रोज सकाळी आजी हातावर ठेवायची. 1974 साली, मी आठ वर्षांची असताना, त्यांना अर्धांगवायू झाला आणि चार दिवसांत ते गेले. नंतर गादी उन्हात टाकताना उशीच्या अभ्र्यातून गोळ्या निघाल्या. कित्येक दिवसांच्या असाव्यात. आजी त्या मुठीत धरून बराच वेळ बसून होती. "गोळी घेतली की पाय जास्त येडे होते म्हणायचे," ती म्हणाली. "मीच आयकलं नाई."

गेल्या वर्षी माझा रक्तदाब 160/100 निघाला. माझेही पाय गेली पंधरा वर्षं मला झोपू देत नाहीत. डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहायला लागले तेव्हा मला उशीचा तो अभ्रा आठवला आणि मी विचारलं, "या गोळीनं पाय वाढणार नाहीत ना?" तो प्रश्न मला पुढे बराच मागे, इतिहासात घेऊन गेला.

पायांच्या या त्रासाचं वर्णन इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या वैद्यानं 1672 सालच्या लॅटिन ग्रंथात केलं आहे. अंथरुणाला टेकताच हातापायांत सुरू होणारी तडफड आणि छळासारखी होणारी रात्र त्यानं नोंदवली. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षं वैद्यकानं तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या मेंदूविकारतज्ज्ञानं 1945 साली त्यावर अख्खा प्रबंध लिहिला आणि 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव रूढ केलं. हा त्रास घराण्यात चालतो, गरोदरपणात वाढतो आणि शरीरातल्या लोहाच्या कमतरतेशी त्याचं नातं दिसतं, हेही त्याच्या निरीक्षणांत होतं. बडनेऱ्याच्या अंगणात मात्र तो 'वात'च राहिला.

आबाजींची गोळी कुठून आली, ही याहून मोठी गोष्ट. तिचं मूळ शब्दशः एका मुळीत आहे. सर्पगंधा हे आपल्याकडच्या ओलसर जंगलांत वाढणारं झुडूप. साप-विंचवाच्या दंशावर आणि वेडावर तिची मुळी द्यायची जुनी रीत होती. बिहारकडे तर ती 'पागल की दवा' म्हणूनच ओळखली जाई. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही चालते असं छापून सांगितलं. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ एकाला 'अजमलीन' नाव दिलं.

पण जगानं ऐकलं ते मुंबईच्या एका डॉक्टरचं. रुस्तम जाल वकील हे केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ. 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्यांनी रुग्णांचा रक्तदाब कसा उतरला याचा आकडेवारीसह अहवाल दिला. त्याचं महत्त्व समजायला तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणावी लागते. वाढलेल्या रक्तदाबावर तोवर धड औषधच नव्हतं. कुणी रुग्णाला महिनोन्‌महिने नुसत्या भातावर आणि फळांवर ठेवत, कुणी पाठीच्या कण्यालगतच्या नसा कापत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांकडेही तो उतरवायला गोळी नव्हती. अशा वेळी मुंबईहून बातमी गेली की एका मुळीनं तो उतरतो.

बॉस्टनमधल्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वकिलांचा लेख वाचून मुळीचे प्रयोग सुरू केले. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य सत्त्व शुद्ध स्वरूपात काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. 1957 साली वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या गोळीचं ऋण खरं आहे, ते आधी सांगायला हवं. 1967 साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या एका चाचणीचा निकाल आला. रक्तदाब खूप वाढलेल्या 143 पुरुषांपैकी निम्म्यांना खरी औषधं दिली, निम्म्यांना खोटी. खोट्या गोळ्यांवरच्या गटात पक्षाघात, मृत्यू किंवा तशा गंभीर घटना 27 झाल्या. खऱ्या गोळ्यांवरच्या गटात फक्त 2. त्या खऱ्या औषधांच्या तिकडीत एक रेसर्पिन होतं. रक्तदाब उतरवल्यानं माणसं वाचतात, याचा पहिला ठाम पुरावा असा आला.

आता दुसरी बाजू. रेसर्पिन रक्तदाब उतरवतं कसं? नसांच्या टोकांशी रासायनिक निरोपांची लहान लहान कोठारं असतात. हे औषध ती रिकामी करतं. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा निरोप कमी पोचतो आणि दाब उतरतो. पण ते मेंदूतही जातं आणि तिथली कोठारंही रिकामी करतं. काही रुग्ण त्यामुळे खिन्न होत. मनोरुग्णांना मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा काहींचे हातपाय ताठरले, तर काहींना एका जागी बसवेना. ते नुसते येरझारा घालू लागले. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचलं, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिन नावाचा स्वतंत्र निरोप्या आहे आणि हालचाल त्याच्यावर अवलंबून आहे, हे त्यातून पुढे आलं. 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

आणि 1982 साली तुर्कस्तानच्या अकपिनार या डॉक्टरांनी तेच डोपा रात्री अस्वस्थ पाय असलेल्या रुग्णांना दिलं. पाय शांत झाले. म्हणजे आपल्या मुळीनं जे द्रव्य रिकामं होत होतं, त्याच्याशीच एकबोमच्या आजाराचं नातं होतं. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ चालले.

आबाजींना नेमकी कोणती गोळी होती? चिठ्ठी राहिली नाही. पण त्या काळी रेसर्पिन असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जात, आणि आजीचं ते वाक्य माझ्याकडे आहे. मूळ त्रास गोळीच्या आधीही होता, तो घराण्यातला, माझ्यापर्यंत आलेला. गोळीनं तो वाढवला असेल, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. झोप हवी म्हणून त्यांनी गोळी लपवली, एवढं मात्र उशीनं सांगितलं. तेव्हा त्यांच्यापुढे पर्याय थोडे होते. आणि जे होते तेही त्यांना मिळाले नाहीत, कारण पायांची गोष्ट डॉक्टरांपर्यंत गेलीच नाही. ब्लडप्रेशर डॉक्टरांचं आणि पाय आपले, अशी घरात वाटणी होती.

आज पर्याय आहेत, म्हणून विचारायला अर्थ आहे. माझ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवून जे समजावलं ते असं: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, अ‍ॅम्लोडिपिन या आजच्या नेहमीच्या गोळ्या डोपामिनच्या कोठारांना हात लावत नाहीत. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजू शकतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात. तो त्रास वेगळा, पण रात्री पायांतच होतो म्हणून गोंधळ उडतो. काहींची झोप बीटा-ब्लॉकरनं बिघडते. गरोदरपणात दिलं जाणारं मिथिलडोपा डोपामिनच्या वाटेत येऊ शकतं, म्हणून पायांचा त्रास असेल तर तो त्या डॉक्टरांना सांगायचाच. क्लोनिडीननं काहींचे पाय शांत होतात, पण ते एकाएकी सोडलं तर दाब उसळतो.

"आणि रक्तदाबाच्या गोळीवर आळ घेण्याआधी बाकीचा डबा दाखवा," ते म्हणाले. मी दाखवला. चक्कर येते म्हणून मेडिकलमधून आणलेली सिनारिझिनची गोळी, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, सर्दीसाठी गुंगी आणणारी एक. पहिल्या दोन डोपामिनला अडवतात, तिसरीच्या जातीनंही पाय चाळवतात. माझ्या पंधरा वर्षांतल्या किती रात्री त्या डब्यानं खाल्ल्या, कोण जाणे. मग त्यांनी रक्तातलं फेरिटिन तपासायला लावलं. एरवी चालून जाणारा आकडाही या आजारात कमी धरतात. पंचाहत्तरच्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार होतो. माझं बावीस निघालं. हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

डोपासारखी औषधं त्यांनी मला दिली नाहीत. ती वर्षानुवर्षं घेतली तर आजार उलटतो, रात्रीचे पाय संध्याकाळीच जागे होतात, असं पुढच्या अनुभवानं दिसलं आहे.

आता मी सकाळी टेल्मिसार्टन घेते आणि सांगितल्याप्रमाणे लोह. गेल्या महिन्यात दाब 132/84 होता. पाय पूर्ण शांत नाहीत. आठवड्यातून दोनेक रात्री उठावं लागतं. तेव्हा मी वहीत वेळ लिहिते, त्या दिवशी नवीन काय पोटात गेलं ते लिहिते, आणि पुढच्या खेपेला वही डॉक्टरांसमोर ठेवते. गोळी नको वाटली तर तेही तिथेच सांगायचं, उशीला नाही.

बडनेऱ्याचं ते क्वार्टर आता दुसऱ्यांचं आहे. मध्यंतरी अमरावतीची गाडी बदलायला स्टेशनवर दोन तास थांबावं लागलं. बाकावर बसल्या बसल्या पाय वळवळायला लागले, तशी उठले आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. हमालानं विचारलं, "काहून फिरून राह्यले, बाई? गाडी टाइमावर हाय."

मी त्याला आबाजींचंच उत्तर दिलं.