पोलिसांचा जाब कोणीं घ्यावा?

कर्जत व खालापूर या तालुक्यांतून विजेच्या तारा मुंबईकडे जातात. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं. १९४२ च्या लढ्यांत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें या तारांचे मनोरे पाडले. पुढें २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले.

ही शौर्यकथा सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यांत राज्यकारभाराचाही एक प्रश्न आहे. त्या गोळ्यांचा जाब प्रजेनें कोणास विचारावयाचा होता? १९३५ च्या कायद्यानें पोलीस खातें प्रांताकडे दिलें होतें. १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें, तेव्हां या खात्याबद्दल मंत्र्यास विधिमंडळांत उत्तर द्यावें लागे. १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व सारी सत्ता गव्हर्नराच्या हातीं गेली. खातें प्रांताचेंच राहिलें. उत्तर देणारा मात्र उरला नाहीं. अधिकार जवळ असला म्हणजे जबाबदारीही जवळ असते, असें नव्हे.

१९५० च्या राज्यघटनेनेंही पोलीस हा विषय राज्यांकडेच ठेवला. त्यावर दिल्लीची नजर असावी म्हणून १९९३ सालीं राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला. कोठडींत मृत्यू घडल्यास चोवीस तासांत वर्दी द्यावी, असें आयोगानें जिल्ह्याजिल्ह्यांस कळविलें. हा मोठाच धाक होय. तथापि आयोग शिफारस करतो, शिक्षा करीत नाहीं. आणि दिल्लीस घटना पोंचते ती बहुधा कागदावरूनच.

उलटपक्षीं, चौकशी सर्वस्वीं स्थानिक खात्यावर सोंपविली, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाच सहकारी चौकशीस बसतो. ही अडचण ओळखून सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं, प्रकाश सिंग यांच्या दाव्यांत, राज्यासाठीं एक व प्रत्येक जिल्ह्यासाठीं एक पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा प्रमुख निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा, असेंही सांगितलें. त्यांत योजना अशी, कीं ऐकणारा जवळचा असावा, पण खात्याबाहेरचा असावा.

महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा दुरुस्त केला, तेव्हां राज्याच्या प्राधिकरणाखालीं जिल्ह्याऐवजीं विभागाची योजना केली. शब्द एकच बदलला, परंतु कोंकण विभाग पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला आहे. कर्जतच्या डोंगरांतील कातकरी मजुरास अलिबागचें जिल्ह्याचें ठाणें गांठण्यासही एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. विभागाचें दार त्याला आणखी किती दूरचें वाटेल!

सिद्धगडाचा धडा इतकाच, कीं पोलीस राज्याचे असोत वा केंद्राचे, त्यांच्याकडून उत्तर मागण्याचें ठिकाण प्रजेच्या आवाक्यांत असलें पाहिजे. तें नसेल, तर कायद्यांतील हक्क कायद्याच्या पुस्तकांतच राहतो.