तीन पत्ती येते? मग पोकर शिकताना हमखास इथे फसाल

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना पोकर सोपा वाटतो. घोळ तिथेच होतो.

पोकरचा सर्वात लोकप्रिय प्रकार म्हणजे टेक्सास होल्डम. प्रत्येकाला २ पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर आधी ३, नंतर १ आणि शेवटी आणखी १ असे ५ पत्ते उघडतात. ते सगळ्यांचे सामाईक. या ७ पैकी सर्वोत्तम ५ पत्ते धरायचे.

आता गोंधळ. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते न बघता खेळणं. इथे ब्लाइंड म्हणजे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम, आपल्या बूटसारखी.

खरा खड्डा क्रमवारीत आहे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला हरवते, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. कारण निव्वळ गणित! ३ पत्त्यांत साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे जमते, कलर १,०९६ प्रकारे. ५ पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे, कलर फक्त ५,१०८. जे दुर्मीळ, ते वरचढ. तीन पत्तीतली अजिंक्य ट्रेल पोकरमध्ये या दोन्हींच्या खाली जाते, हे तर अनेकांना पैसे गेल्यावरच कळतं.

हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदाच येते. त्यामुळे नवख्याने बहुतेक डाव पॅक करावेत. पोकरमध्ये त्याला फोल्ड म्हणतात.

सराव चिंचोक्यांवर करा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे, आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ ही सबब त्यात चालत नाही. बोनसचं आमिष दाखवणारी लिंक आली, तर पैसे भरू नका.