लायसन्सचं विमान आणि खिशातला लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून शाळांच्या संगणक कक्षांबद्दल एकच वाक्य ऐकू येतं, "जुने कॉम्प्युटर आता भंगारात." का, तर विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. मशीन चालू आहे, कीबोर्ड चालू आहे, तरी भंगार! भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थोडा इतिहास बघू. आपल्या ओझरकरांना तो इतरांपेक्षा लवकर कळेल.

मिग-२१साठी सोव्हिएत संघाशी करार झाला १९६२ला आणि एचएएलचा नाशिक विभाग इथे उभा राहिला १९६४ला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. आधी तिकडून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून घडवायचं. हात आपल्या माणसांचे, कौशल्यही आपलंच. पण मूळ आराखडा मॉस्कोचा. १९९१ला सोव्हिएत संघच मोडला आणि सुट्या भागांचे वांधे झाले. विमान आपलं, दुरुस्तीची किल्ली दुसऱ्याकडे.

योगायोग बघा. त्याच १९९१च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतलं बंड २१ तारखेला फसलं, आणि २५ तारखेला शेजारच्या फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. १९९२ला त्याने ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली आणली. हेही लायसन्सच, पण उलट्या दिशेचं: आराखडा उघडा, वापरा, बदला, वाटा, फक्त बदललेलं पुढे देताना त्याचा आराखडाही उघडा ठेवा.

सिस्टिम खिशात मावायला मात्र आणखी काही वर्षं गेली. २०००ला जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स काढलं. सीडी घाला, कॉम्प्युटर चालू करा, हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू. पेनड्राइव्हही बाजारात आला त्याच वर्षी. आयबीएमचा पहिला फक्त ८ एमबीचा होता! पुढे पेनड्राइव्ह मोठे झाले, मदरबोर्ड यूएसबीवरून सुरू व्हायला लागले आणि सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. हे जमतं कारण लिनक्सच्या कर्नलसोबत हजारो भागांचे ड्रायव्हर असतात आणि सुरू होतानाच तो समोरचं मशीन ओळखतो. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ला 'विंडोज टू गो' आणलं होतं, तेही मोठ्या कंपन्यांसाठी. २०२०ला काढून टाकलं. मालकाची मर्जी, दुसरं काय.

आपल्याकडेही हे सगळं पोचलंय. सीडॅकने 'बॉस' लिनक्स २००७ला आणलं, मराठीसह. त्याच वर्षी रायगडमध्ये कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत पोरांच्या हातात हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यातला 'शुगर' हा लिनक्सवरचाच. २००९ला तोच शुगर पेनड्राइव्हवर आला, म्हणजे वेगळा लॅपटॉप घ्यायचीही गरज उरली नाही. आपण मात्र तेव्हा पायरेटेड विंडोजच्या सीड्या फिरवत बसलो होतो, खरं की नाही?

आता कामाचं. प्रत्येक पोराला स्वतःची सिस्टिम खिशात हवी, तर नुसती लाइव्ह प्रत पुरत नाही. बंद केलं की सगळं विसरते. पर्सिस्टन्स ठेवा, नाहीतर पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल करा. पूर्ण इन्स्टॉल करताना बूटलोडर पेनड्राइव्हवरच जातोय ना, हे दोनदा बघा. तो हार्ड डिस्कवर गेला तर पेनड्राइव्ह काढल्यावर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. आधी पेनड्राइव्हवरचा डेटा दुसरीकडे ठेवा, कारण तो पुसला जातो. निदान ३२ जीबीचा आणि चांगल्या वेगाचा घ्या. रॅम २ जीबीच असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्या.

तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत 'संगणक निर्लेखन' हा विषय असेल, तर सही करण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा म्हणावं. अर्धा तास लागतो. लावून देणारी चार पोरं ओझरमध्ये नक्की सापडतील, कमेंटमध्ये शाळेचं नाव टाका.